आठवीपासूनची आखणी : मिशनरी घरातील मुलांचे कॉलेज

मिशनरी कुटुंबातील मुलाला पुढे कोणत्या कॉलेजचे दार उघडे राहील, हे बहुतेक वेळा आठवी ते दहावी या तीन वर्षांतच ठरून जाते. आईवडिलांची नेमणूक एका गावी, संस्थेचे मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात, मुलाचे वसतिगृह तिसऱ्याच राज्यात आणि आजोळ आणखी कुठे, अशी या घरांची मांडणी असते. प्रवेशाचे नियम मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला एक गाव, एक राज्य आणि एक बोर्ड असते असे धरून केलेले असतात. ही दोन गणिते जुळवणे हाच या मुलांच्या कॉलेजच्या तयारीतला खरा वेगळा भाग आहे. अभ्यास, क्लास, परीक्षा हे इतर मुलांसारखेच. पण ही जुळवाजुळव उशिरा सुरू झाली तर हुशार मुलाचेही नुकसान होते.

अशा घरांचे उदाहरण म्हणून बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील डोणगाव आणि त्याचा परिसर घेऊ. डोणगाव हे मेहकर-मालेगाव रस्त्यावरचे मोठे गाव. वऱ्हाडाच्या या पट्ट्यात ख्रिस्ती मिशनचे काम शंभर वर्षांहून जुने आहे. अकोला-खामगाव भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकी संस्थेने, तर बुलढाणा-वाशीम भागात चर्च ऑफ द नाझरीनने केंद्रे उभारली. वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल हे नाझरीन मिशनचेच. डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकी डॉक्टर १९३६ साली भारतात आल्या आणि त्यांनी आपले उभे आयुष्य या दवाखान्याला दिले. अशा केंद्रांवरच्या परदेशी कुटुंबांपुढे मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. धाकटी मुले अंगणात मराठी बोलत वाढत. मोठी झाली की मात्र त्यांच्या देशातल्या कॉलेजला चालेल असे शिक्षण जवळपास कुठेच मिळत नसे.

या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर कठोर होते. मूल सात-आठ वर्षांचे झाले की त्याला बोटीने मायदेशी पाठवायचे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली त्यांनी अहमदनगरला केंद्र उघडले. तेव्हापासून कित्येक दशके अमेरिकेतले नातेवाईक किंवा मिशनरी मुलांसाठी काढलेली वसतिगृहे हाच त्यांच्या मुलांचा आधार होता. बॉस्टनजवळच्या ऑबर्नडेल येथे १८६८ साली सुरू झालेले वॉकर मिशनरी होम हे त्यातले नावाजलेले. आईवडील नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात आणि मुले अर्ध्या पृथ्वीपलीकडे, अशी वर्षांमागून वर्षे जात. पत्राला उत्तर यायला महिने लागत. या व्यवस्थेने मुलांना कॉलेज मिळाले, पण बालपणातले आईवडील गेले. आज मागे वळून पाहताना ही किंमत फार मोठी वाटते.

रॉबर्ट अॅलन ह्यूम यांचे चरित्र या काळाचा चांगला नमुना आहे. १८४७ साली मुंबईत मिशनरी घरात त्यांचा जन्म झाला. १८५४ साली मायदेशी परतताना वडिलांचा बोटीवरच मृत्यू झाला आणि आईने मुलांना अमेरिकेत वाढवले. ह्यूम १८६८ साली येल विद्यापीठाचे पदवीधर झाले, पुढे धर्मशास्त्र शिकले आणि १८७४ साली अहमदनगरला परत आले. तिथल्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजची उभारणी आणि दुष्काळातले मदतकार्य यांमुळे त्यांचे नाव झाले. पुढच्या पिढीतले एडवर्ड हिक्स ह्यूम हे १८७६ साली अहमदनगरला जन्मले, येल आणि जॉन्स हॉपकिन्स येथे शिकून डॉक्टर झाले आणि त्यांनी चीनमधल्या चांगशा शहरात रुग्णालय आणि वैद्यकीय शिक्षणाचे काम उभे केले. ह्यूम घराण्याची येलची वाट एकदा पडली ती पुढच्या पिढ्यांनाही उपयोगी ठरली. कुटुंबातील कुणीतरी आधी गेलेले असणे ही त्या काळातली सर्वांत मोठी शिदोरी होती.

दुसरा टप्पा थंड हवेच्या ठिकाणच्या शाळांचा. मसुरीजवळच्या लँढूर येथील वुडस्टॉक शाळा १८५४ साली सुरू झाली आणि पुढे उत्तरेतल्या अमेरिकी मिशनरी मुलांची मुख्य शाळा बनली. दक्षिणेत १९०१ साली कोडाईकनालला 'हायक्लर्क' नावाच्या जुन्या हॉटेलच्या जागेत शाळा निघाली. पहिल्या वर्षी १३ मुले होती. हीच आजची कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूल. मराठी मुलखातल्या केंद्रांवरची पुष्कळ मुले कोडाईला जात. रेल्वेने दोन-तीन दिवस, मग कोडाई रोड स्टेशनवरून घाट. मोठी सुट्टी उन्हाळ्याऐवजी हिवाळ्यात असे. एप्रिल-मेच्या उन्हात आईवडीलच महिनाभर डोंगरावर येऊन राहत आणि मुले हिवाळ्यात घरी येत. कुटुंबाचे वर्ष शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे फिरे.

या शाळांचे मोल केवळ इंग्रजीत नव्हते. अमेरिकी कॉलेजांना समजेल असा अभ्यासक्रम, त्यांना हवे तसे गुणपत्रक आणि त्यांच्या प्रवेशाची रीत माहीत असलेले शिक्षक तिथे होते. तरीही शेवटची एक-दोन वर्षे मायदेशी काढावीत असे अनेक कुटुंबांना वाटे. मिशनऱ्यांना काही वर्षांच्या सेवेनंतर वर्षभराची दीर्घ रजा मिळे. तिला 'फर्लो' म्हणत. मुलाचे कॉलेजचे वर्ष आणि आईवडिलांची फर्लो एकत्र यावी अशी आखणी चार-पाच वर्षे आधीपासून होई, म्हणजे पहिले वर्ष तरी मूल नव्या देशात एकटे पडत नसे. आजच्या घरांनी उचलण्यासारखी ही एक पद्धत आहे. मुलाच्या बारावीच्या वर्षात बदली घेऊ नये आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षात शक्य तर मूल जिथे असेल त्याच्या जवळ राहावे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वेंगुर्ल्याचे रॉबर्ट गोहीन हे या वाटेने गेलेले सर्वांत ठळक नाव. वडील वेंगुर्ल्याच्या मिशन दवाखान्यात डॉक्टर होते. तिथेच १९१९ साली रॉबर्ट यांचा जन्म झाला. कोडाईकनालच्या शाळेत ते पंधरा वर्षांचे होईपर्यंत शिकले. तिथूनच थेट कॉलेजात न पाठवता आधी त्यांना न्यू जर्सीतल्या लॉरेन्सव्हिल शाळेत घातले. शालेय शिक्षणाची शेवटची दोन वर्षे तिथे काढून ते जवळच्याच प्रिन्स्टन विद्यापीठात गेले आणि १९४० साली पदवीधर झाले. १९५७ साली वयाच्या सदतिसाव्या वर्षी ते प्रिन्स्टनचे अध्यक्ष झाले. १९६९ साली त्यांच्याच कारकिर्दीत प्रिन्स्टनने पदवीसाठी मुलींना प्रवेश देणे सुरू केले. १९७७ ते १९८० या काळात ते भारतातले अमेरिकेचे राजदूत होते. त्यांच्या आईवडिलांनी घेतलेला निर्णय नीट पाहावा असा आहे. पंधराव्या वर्षी शाळा बदलणे मुलाला जड जाते, पण ती दोन वर्षे दिल्यामुळे कॉलेज सुरू होताना परका देश, परका अभ्यासक्रम आणि परकी माणसे ही तिन्ही ओझी एकाच वेळी अंगावर पडली नाहीत.

सगळ्यांचा मार्ग असा सरळ गेला नाही. अभिनेते टॉम ऑल्टर यांचा जन्म १९५० साली मसुरीत मिशनरी घरात झाला. वुडस्टॉकमध्ये शिकून ते येलला गेले, पण तिथे त्यांचे मन रमले नाही आणि ते भारतात परतले. पुढे काही काळ शिक्षकी केल्यावर त्यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश घेतला आणि तिथे त्यांना आपली वाट सापडली. सर्वांत नामांकित कॉलेज हे त्या मुलासाठी योग्य कॉलेज असतेच असे नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

भारतीय घरांचा विचार करताना पंडिता रमाबाईंची कन्या मनोरमा यांची आठवण येते. १८८१ साली जन्मलेल्या मनोरमा काही वर्षे इंग्लंडमध्ये, मग भारतात आणि नंतर न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ चिली येथील चेसब्रो सेमिनरीत शिकल्या. परत आल्यावर त्यांनी आईच्या शारदा सदनातल्या शिक्षणाचे काम सांभाळले. शिक्षण तीन देशांत विखुरलेले होते, पण त्यामागचा हेतू स्पष्ट होता. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या शाळांना चालवणारी, शिकलेली बाई हवी होती. आजही मिशनरी घरात 'मुलाने काय व्हावे' या प्रश्नाबरोबर 'कामाला काय उपयोगी पडेल' हा प्रश्न असतो. तो असणे चूक नाही. मात्र त्याचे उत्तर आईवडिलांनी परस्पर देऊ नये. मूल नववीत गेले की त्याला या बोलण्यात बसवावे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. त्या वेळी बुलढाणा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्याच राज्याने नेमलेल्या न्यायमूर्ती नियोगी समितीचा अहवाल १९५६ साली आला. परदेशी मिशनऱ्यांच्या कामाची त्यात कडक चिकित्सा होती. पुढच्या दशकांत परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणे अवघड होत गेले, त्यांची संख्या घटली आणि डोंगरावरच्या शाळांनी आपले रूप बदलले. कोडाईकनालने १९७६ साली भारतात पहिल्यांदा इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा अभ्यासक्रम आणला. आता तिथे मुख्यतः भरपूर फी देऊ शकणाऱ्या घरांतली मुले शिकतात. गावोगावी काम करणारे पाळक, प्रचारक, मिशन दवाखान्यातल्या परिचारिका हे आता जवळजवळ सगळे भारतीय आहेत. काही मराठी, काही तमिळ, मल्याळी किंवा ईशान्येतले. त्यांच्या मुलांना बोट गाठायची नसते. त्यांना गाठायचे असते ते तहसील कार्यालय, सीईटी सेल (राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष) आणि शिष्यवृत्तीचे पोर्टल.

इथे सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे अधिवास, बोलीभाषेत डोमिसाइल. सर्वसाधारण नियमाप्रमाणे महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्य दाखवता आले की हा दाखला मिळतो. नुसता दाखला मात्र सगळीकडे पुरत नाही. प्रत्येक अभ्यासक्रम राज्याचा विद्यार्थी कोण हे वेगळ्या मोजपट्टीने ठरवतो. समजा, डोणगावात सोळा-सतरा वर्षे काम करणाऱ्या एका तमिळ कुटुंबाची मुलगी नववी ते बारावी तमिळनाडूतल्या मिशनच्या वसतिगृहात राहून शिकली. वडिलांकडे महाराष्ट्राचे डोमिसाइल असेल तर इंजिनिअरिंगसाठी तिला महाराष्ट्राच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत 'टाइप बी' म्हणून जागा मागता येते. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ८५ टक्के राज्य कोट्यात मात्र ती बसत नाही, कारण तिथे डोमिसाइलबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हावी लागते. तिला उरतो तो देशभरासाठीचा १५ टक्के कोटा. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या राष्ट्रीय संस्थांत निम्म्या जागा त्या त्या राज्यासाठी असतात आणि तिथे राज्य ठरते ते बारावी कुठून केली यावरून. म्हणजे तिथे ती तमिळनाडूची धरली जाईल. एकच मुलगी एका यादीत महाराष्ट्राची, दुसरीत कोणत्याच राज्याची नाही आणि तिसरीत तमिळनाडूची.

बदलीमुळे होणारे हे नुकसान सरकारी नोकरांच्या मुलांसाठी बऱ्याच अंशी भरून काढलेले आहे. केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी इंजिनिअरिंगच्या प्रवेशात 'टाइप सी' आणि 'टाइप डी' असे स्वतंत्र गट आहेत. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी 'टाइप ई' आहे. मिशनरी सरकारी नोकर नसतो, म्हणून त्याच्या मुलाला यातले काहीच मिळत नाही. त्याची बदली ही नियमाच्या नजरेत बदलीच नसते. अशा घरांनी म्हणूनच आठवीच्या वर्षी बसून एक निर्णय घ्यायला हवा, की दहावी-बारावी कोणत्या राज्यात. मुलाचा कल वैद्यकीय शाखेकडे असेल आणि कुटुंब महाराष्ट्रातच राहणार असेल, तर नववीपासून त्याला महाराष्ट्रातच ठेवणे हे सर्वांत शहाणपणाचे. त्यासाठी दूरचे चांगले वसतिगृह सोडून मेहकर, वाशीम किंवा अकोल्यात सोय करावी लागली तरी ती करावी.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. ब्रिटनमध्ये कमी फीचा 'होम' दर्जा मिळण्यासाठी साधारणपणे आधीची तीन वर्षे तिथले नेहमीचे वास्तव्य दाखवावे लागते. परदेशात काम करणाऱ्या मिशनरी कुटुंबांना आपली गैरहजेरी तात्पुरती होती हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. अमेरिकेत सरकारी विद्यापीठांची फी राज्यातल्या रहिवाशांना कमी आणि बाहेरच्यांना बरीच जास्त असते.

बोर्डाची निवड हा दुसरा मोठा मुद्दा. वारंवार राज्य बदलणाऱ्या घराला सीबीएसई सोयीचे, कारण दुसऱ्या गावी तोच अभ्यासक्रम पुढे चालू राहतो. एकाच राज्यात स्थिर राहणाऱ्याला राज्य मंडळात काही कमी नाही. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी तर राज्य मंडळाच्या पुस्तकांवरच उभी आहे. जिथे शाळेत नियमित जाणेच अशक्य आहे, तिथे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा मार्ग आहे. त्याचे दहावी-बारावीचे प्रमाणपत्र इतर बोर्डांच्या बरोबरीचे धरले जाते. मात्र तिथे मुलाला स्वतःच्या शिस्तीवर अभ्यास करावा लागतो आणि विज्ञानाचे प्रयोग सुटून जाण्याचा धोका असतो. बोर्ड कोणतेही घ्या, नववीनंतर बदलू नका, हा सल्ला बहुतेक अनुभवी शिक्षक देतात आणि तो बरोबर आहे. नववी-दहावी आणि अकरावी-बारावी या जोड्या आहेत. मधून तोडल्या की अर्धा अभ्यास दोनदा होतो आणि अर्धा राहूनच जातो.

दहावीनंतरचा विषयांचा निर्णय तर सहजासहजी परत फिरवता येत नाही. अकरावीत गणित सोडले की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर बंद. जीवशास्त्र सोडले की एमबीबीएसच काय, बी.एस्सी. नर्सिंगचेही दार सहसा मिटते. मिशन दवाखान्यांच्या वातावरणात वाढलेल्या मुलामुलींचा ओढा पुष्कळदा नर्सिंग आणि फिजिओथेरपीकडे असतो. मन पक्के नसेल तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांचा पीसीएमबी गट घ्यावा. ओझे वाढते, पण निर्णयाला दोन वर्षांची मुदत मिळते. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले आहेत. त्यामुळे डोणगावच्या मुलालाही पसंतीक्रम भरूनच जागा घ्यावी लागते. ओळखीने 'सांगून ठेवलेली' जागा आता चालत नाही. अकरावी-बारावी कोणत्या विद्यापीठाच्या क्षेत्रात झाली यावर महाराष्ट्रात जन्मलेल्या-शिकलेल्या विद्यार्थ्याची 'होम युनिव्हर्सिटी'ही ठरते. बुलढाणा जिल्ह्यासाठी ती संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ. म्हणजे शेगावचे श्री संत गजानन महाराज इंजिनिअरिंग कॉलेज किंवा अमरावतीची कॉलेजे ही आपल्या घरची.

कागदपत्रांकडे येथे जरा थांबून पाहायला हवे, कारण मिशनरी आणि पाळकांच्या घरात कागदांचा घोळ इतरांपेक्षा जास्त असतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, वडिलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत दुसरे, मुलाच्या आधारवर तिसरेच स्पेलिंग. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, म्हणजे टीसीवर, 'धर्म व जात' असा रकाना असतो. दर बदलीला नव्या शाळेत तो नव्याने भरला जातो. एका टीसीवर 'ख्रिश्चन', दुसऱ्यावर जुनी जात, तिसऱ्यावर नुसती रेघ असे तीन दाखले एकाच मुलाच्या पिशवीत सापडतात. प्रवेशाच्या वेळी पडताळणी करणारा अधिकारी हे तिन्ही समोर ठेवतो आणि मूल रांगेत उभे राहते. नावातला बदल राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावा लागतो, शाळेची नोंद शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत दुरुस्त करावी लागते आणि याला महिने लागतात. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी हे उरकले तर पुढची सगळी प्रमाणपत्रे एकाच नावाने येतात.

आरक्षणाचा भागही समजून घ्यावा. १९५० च्या घटनात्मक आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरता आहे. ख्रिस्ती झालेल्यांना तो मिळत नाही. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहे. अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही, त्यामुळे ख्रिस्ती आदिवासी मुलाचा दर्जा कायम राहतो. इतर मागासवर्गाच्या जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांचा निर्गम उतारा किंवा खासरा पत्रक शोधायला मूळ गावी जावे लागते. बदलीच्या गावी राहणाऱ्या कुटुंबाला हा प्रवास ऐन प्रवेशाच्या जूनमध्ये करणे परवडत नाही. जात पडताळणी समितीचा निर्णय यायलाही वेळ लागतो. ज्यांना कोणतेच आरक्षण नाही, त्यांना उत्पन्न कमी असल्यास आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा १० टक्के कोटा आहे. तो दाखला एका आर्थिक वर्षापुरताच चालतो, म्हणून तो मात्र वेळेवर नव्याने काढावा लागतो.

पैशाचा प्रश्न बहुतेक मिशनरी घरांत कायमचा असतो. मानधन थोडे आणि कधी कधी देणगीदारांवर अवलंबून. महाडीबीटी पोर्टलवरची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या खुल्या गटातल्या विद्यार्थ्यांना उपयोगी आहे. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास गटांतल्या, याच उत्पन्न मर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. दोन्हींसाठी प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला हे लाभ नाहीत. पडद्यामागून जागा देऊ करणाऱ्या एजंटापासून दूर राहण्याचे हे एक ठोस कारण.

ख्रिस्ती संस्थांनी चालवलेली कॉलेजे हा या मुलांचा हक्काचा पर्याय आहे, पण त्याची माहिती खेड्यात पोहोचत नाही. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ सालचे, मुंबईचे विल्सन त्याहून जुने, सेंट झेवियर्स १८६९ चे. अहमदनगर कॉलेज डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ साली खेड्यातल्या मुलांसाठी म्हणूनच काढले. वांद्रे आणि वाशी येथील फादर अॅग्नेल संस्थेची इंजिनिअरिंग कॉलेजे आहेत. अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांत त्या समाजासाठी जागा राखलेल्या असतात. तिथे बाप्तिस्म्याचा दाखला किंवा मंडळीचे पत्र मागितले जाते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची रीत तर आणखी निराळी. स्वतः मिशनरी घरात १८७० साली तमिळनाडूत जन्मलेल्या आणि कॉर्नेलहून डॉक्टर होऊन आलेल्या आयडा स्कडर यांनी उभ्या केलेल्या या संस्थेत 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे गुण तर लागतातच, पण बऱ्याच जागा चर्च आणि मिशन संस्थांनी पुरस्कृत केलेल्या विद्यार्थ्यांना मिळतात आणि शिक्षणानंतर पुरस्कृत करणाऱ्या संस्थेच्या दवाखान्यात सेवेचा करार पाळावा लागतो. असे पुरस्कृत होणे बारावीच्या उन्हाळ्यात धावपळ करून साधत नाही. आपली मंडळी वेल्लोरशी जोडलेली आहे का, तिची अंतर्गत निवड कधी होते, हे दहावीतच विचारून ठेवावे लागते.

ज्याला पाळक किंवा मिशनरीच व्हायचे आहे त्यानेही आधी साधी पदवी घ्यावी. यवतमाळला १९५३ साली सुरू झालेली आणि १९८३ पासून पुण्यात असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची मराठी मुलखातली मोठी संस्था आहे. पदवी हातात असलेला मुलगा तिथे अधिक पक्व मनाने शिकतो आणि पुढे मन बदलले तर त्याच्यापाशी उपजीविकेचे साधन असते.

थोड्या मुलांना परदेशी जायचे असते. त्यांनी एक फरक नववीतच लक्षात घ्यावा. आपल्याकडे दहावी आणि बारावीचे गुण पाहिले जातात. अमेरिकी कॉलेज नववी ते बारावी या चारही वर्षांची गुणपत्रके एकत्र पाहते, शिवाय निबंध, शिक्षकांची पत्रे आणि शाळेबाहेरचे काम. नववीत 'हे वर्ष कशातच धरत नाहीत' म्हणून घालवलेले वर्ष तिथे उघडे पडते. दर बदलीच्या वेळी आधीच्या शाळेकडून सही-शिक्क्याची वार्षिक गुणपत्रके घेऊन ठेवली नाहीत, तर चार वर्षांनी ती मिळवणे फार कठीण जाते. चर्चशी जोडलेली काही अमेरिकी कॉलेजे मिशनरी मुलांना फीत सवलत देतात. ओहायोतले मस्किंगम हे तसे चर्चच्या आधाराने वाढलेले छोटे कॉलेज होते. मसुरीत मिशनरी घरात जन्मलेले कार्ल टेलर वुडस्टॉकनंतर तिथे शिकले आणि मग हार्वर्डला डॉक्टर झाले. जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांनी शिकवलेल्या विद्यार्थ्यांत डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे होते, ज्यांनी १९७० साली जामखेडचा आरोग्य प्रकल्प सुरू केला.

राहता राहिली मनाची तयारी. जॉन आणि रूथ युसीम हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात भारतात अभ्यास करत असताना त्यांना आईवडिलांच्या देशाचीही पूर्ण नसलेली आणि राहत्या देशाचीही पूर्ण नसलेली मुले भेटली. त्यांना त्यांनी 'थर्ड कल्चर किड्स' हे नाव दिले. घरी तमिळ, गावात वऱ्हाडी, वसतिगृहात इंग्रजी बोलणारे आजचे मूलही तसेच. अनेक भाषा येणे, कुणातही मिसळणे ही त्याची मोठी ताकद असते. मात्र 'तुझे गाव कोणते' या साध्या प्रश्नाला ते अडखळते आणि कॉलेजच्या पहिल्या सहामाहीत हा एकटेपणा सर्वांत जास्त बोचतो. कॉलेज निवडताना जवळच्या शहरात एखादे ओळखीचे घर, एखादी मंडळी आहे का हे पाहणे म्हणूनच फी आणि कटऑफ पाहण्याइतकेच गरजेचे आहे.

प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची त्या वर्षीची माहिती पुस्तिका हाच अखेरचा आधार मानावा. डोमिसाइल, जातीचा दाखला आणि नावातली दुरुस्ती ही कामे मात्र वर्षागणिक बदलत नाहीत. मेहकरच्या तहसीलमध्ये किंवा जवळच्या सेतू केंद्रात त्यांचे अर्ज मूल नववीत असतानाच देऊन टाकावेत.